श्वास गाळलेली मुलाखत

नोव्हेंबर आला की गुन्नेल हेग्ब्लादला दरवर्षी वाटायचं, सोडून द्यावी ही नोकरी. दुपारी अडीचला दिवे लावायचे, बर्फ अजून धड पडलेलं नसायचं, नुसता ओला काळोख. आणि त्या काळोखात पहिल्या वर्षाच्या चौतीस पोरापोरींना ‘डिजिटल मल्टिमीडियाची तोंडओळख’ करून द्यायची. सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती. यंदा तर सोडायचा प्रश्नही उरला नव्हता. जूनमध्ये तिला पासष्ट पूर्ण होणार होती, निवृत्तीचे कागद टेबलाच्या खणात पडून होते. सुटका समोर दिसत असून थकवा काही कमी होत नव्हता.

“चित्र म्हणजे चौकटी,” ती फळ्यापुढे उभी राहून सांगत होती. “बारीक बारीक चौकटी आणि प्रत्येक चौकटीला एक आकडा. तुमच्या आजीचा फोटो असो नाहीतर बटाट्याचा, यंत्राला दोन्ही सारखेच. व्हिडिओ म्हणजे असे पंचवीस फोटो एका सेकंदात. आणि आवाज म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार आकडे.”

हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं, की तोंड आपलं आपण बोलत राहायचं आणि डोकं दुसरीकडे जायचं. आत्ता ते घरी बटाटे आहेत की संपले, याचा विचार करत होतं.

“गुन्नेल, एक विचारू?” तिसऱ्या रांगेतून हात वर आला. एल्विरा. देशाच्या पार दक्षिणेकडची, स्कोनेतली मुलगी. सप्टेंबरात दीड हजार किलोमीटर आगगाडीत बसून ती उत्तरेला नूरफोर्सच्या विद्यापीठात आली होती, आणि अजून रोज सकाळी थंडीकडे बघून दचकायची. “समजा कोणीच काही बोलत नाहीये. मग ते सगळे आकडे शून्य असतात का?”

चौतिसांत एकीनं तरी कान देऊन ऐकलं होतं म्हणायचं. गुन्नेलला जरा बरं वाटलं.

“नाही. शांतता म्हणजे शून्य नव्हे. रिकाम्या खोलीतही हीटरचा पाइप कुरकुरतो, घड्याळ असतं, बाहेरून ट्रक जातो. तुला खरंखुरं शून्य कुठल्याही स्वयंपाकघरात सापडणार नाही. सापडलं, तर समजायचं की यंत्रानं तिथं हात मारलाय.”

पूर्वी ती हे नुसतं सांगायची नाही. पहिल्या आठवड्यात एक अख्खा तास ती सगळ्यांना डोळे मिटून बसवायची आणि खोली ऐकायला लावायची. पोरं त्याला ‘कानांचा तास’ म्हणायची, पहिली दहा मिनिटं फिदीफिदी हसायची, आणि मग एकदम गप्प व्हायची. दोन वर्षांपूर्वी चौदा तासिकांच्या आठ झाल्या, त्यात तो तास गेला. मूळ ध्वनिमुद्रण कधी पुसू नये, हे घोकून घेण्याचा तासही त्यातच गेला.

तास संपता संपता एल्विरानं विचारलं, “गुन्नेल, खिडकी लावू का? गारठले मी.”

गुन्नेलनं ओठ जरासे आवळले आणि श्वास झटकन आत ओढला. शुप्.

त्या भागात ‘हो’ असंच म्हणतात. शब्द बाहेर सोडायचाच नाही, आत ओढायचा. तिचे आजोबा तसंच म्हणायचे, वडील तसंच म्हणायचे, बसचा ड्रायव्हर आणि दुकानातली बाई तसंच म्हणतात. गरम कॉफीचा शेवटचा घोट घाईनं घ्यावा तेवढाच आवाज, तेवढाच वेळ. उत्तरेकडच्या माणसाला आपण असं काही करतो हे ठाऊकही नसतं.

एल्विरा खिडकीपाशी तशीच उभी. “लावू का?”

शुप्.

“बरं वाटतंय ना तुला?” एल्विरानं काळजीनं विचारलं. इथं कुलगुरूंनाही अगंतुगं चालतं, पण काळजी खरी होती.

एका मिनिटाचं समजावणं होतं. गुन्नेलच्या ओठांवर आलंही होतं. पण बाकीची पोरं कोट चढवायला लागली होती, तिचे पाय दुखत होते, आणि ते एक मिनिटसुद्धा तिच्या जिवावर आलं. “लाव, लाव,” ती म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली.

मग आठवलं म्हणून तिनं जाता जाता काम सांगितलं. “गावाकडच्या एका म्हाताऱ्या माणसाची मुलाखत. दहा मिनिटं. ध्वनिमुद्रण करा, साफ करा, छोटी फाइल करून पाठवा. यंत्रं कपाटात आहेत. नियम दारावर लावलेत.”

“माझं इथं कोणीच म्हातारं नाहीये,” एल्विरा म्हणाली.

“मी आहे ना. पण मी चालणार नाही. सूचनाफलकावर गावोगावच्या मंडळांनी दिलेली यादी आहे, बोलायला तयार असलेल्यांची. घे त्यातलं एखादं.”

ती यादी गुन्नेलनं स्वतः चार-पाच वर्षांत वाचली नव्हती.

*

विभागप्रमुख तुर्केल लीदमान कधी काळी तिचाच विद्यार्थी. आता चाळिशी ओलांडलेला, दाढी नीट कातरलेली, आणि दर वाक्याला घाई. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तो कॉफीच्या वेळेला दालचिनीचा बन हातात घेऊन तिच्या टेबलाशी आला.

“गुन्नेल, तुझे आठ व्हिडिओ. शुक्रवारपर्यंत होतील ना?”

“मी गेल्यावर माझं भूत शिकवणार म्हण की.”

“भूत नाही गं. आठ छोटे व्हिडिओ. पोरं घरी बसून बघतील.” तो बनचा तुकडा मोडत म्हणाला. “आणि आता तर काही कामच नाही. ते नवं सॉफ्टवेअर घेतलंय ना आपण? एक बटण दाबायचं, झालं साफ. खोकला जातो, खुर्चीची करकर जाते, श्वाससुद्धा जातो. आपण आयुष्यभर हातानं काढत बसलो.”

“तू काढत बसायचास. मी तुला काढू द्यायची नाही.”

“आठवतंय.” तो हसला. “शुक्रवार. नक्की?”

गुन्नेलनं श्वास आत ओढला. तोही याच भागातला. समजला आणि निघून गेला.

*

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, ती मुलाखती तपासायला बसली. अठरा झाल्या होत्या. अठरा म्हातारे, अठरा वेळा तेच जुने हिवाळे, रेनडियर, रॉकेलचे दिवे. एकोणिसावी एल्विराची. फाइल उघडली, तर नाव वाचून तिचा हात माउसवरच थांबला.

होल्गर हेग्ब्लाद, ग्रानलीदेन.

तिचा भाऊ. तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा, म्हणजे आता ऐंशीचा. नऊ वर्षं त्या दोघांत एक शब्द नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, होल्गरची बायको इंगेगेर्द गेली. बातमी शेजारणीनं कळवली. गुन्नेलनं लगेच भावाला फोन लावला. विभागानं त्याच महिन्यात सगळ्यांना नवे मोबाइल दिले होते, ती विद्यापीठाच्या वाहनतळावर वाऱ्यात उभी होती. “होल्गर, मी येऊ का?” तिनं विचारलं. पलीकडून काही नाही. आधीच तो मुलखाचा अबोल. ती थांबली. “होल्गर, ऐकतोयस ना? मी येऊ का?” काही नाही. इंगेगेर्द आणि तिचं कधी पटलं नव्हतं, हे खरं. पण म्हणून अशा वेळीही? “बरं,” ती म्हणाली. “समजलं मला.” आणि फोन ठेवला. अंत्यविधीला ती गेली नाही, फुलं पाठवली. त्याचं आभाराचं पत्र आलं नाही. नाताळचं कार्ड आलं नाही. तिनंही धाडलं नाही. दोघं एकाच मातीचे, माघार कोण घेणार?

आणि आता त्याचा आवाज तिच्या तपासणीला आला होता. तिनं हेडफोन चढवले.

आधी घड्याळ. आईच्या स्वयंपाकघरातलं, भिंतीवरचं. ते तिनं लगेच ओळखलं. मग एल्विराचा गोड दक्षिणी आवाज, र घशात घोळवणारा.

“तुमचं नाव होल्गर हेग्ब्लाद ना?”

गप्प.

“तुमचा जन्म याच गावातला?”

गप्प.

“तुम्ही जंगलात काम...”

“‘तुम्ही’ कोण?” म्हाताऱ्याचा आवाज आला. घोगरा झालेला, पण तोच. “मी एकटाच आहे इथं. तू म्हण.”

“सॉरी! तू जंगलात, लाकूडतोडीला होतास?”

गप्प.

“किती वर्षं?”

“एक्केचाळीस.”

“आवडायचं काम?”

गप्प.

“कधी शहरात जाऊन राहावंसं वाटलं?”

“नाही.”

“परत लग्न करावंसं?”

“नाही.”

हाच तो होल्गर. विचाराल त्याला नाही, नाहीतर गप्प. गुन्नेलच्या तोंडाला कडू चव आली. त्या बिचाऱ्या पोरीनं तीन तास बसचे धक्के खात जायचं आणि हा खडूस तिला एक ‘हो’ म्हणणार नाही. मध्ये दोनदा तो मोकळा झाला, ओंडके नदीतून वाहून न्यायचे दिवस सांगितले, एका घोड्याबद्दल बोलला. मग एल्विरानं विचारलं:

“हेग्ब्लाद... माझ्या शिक्षिकेचं आडनावही हेग्ब्लाद आहे. गुन्नेल. ओळखीची आहे का तुझ्या?”

गप्प. मग तो म्हणाला, “नेल्ला. माझी धाकटी बहीण.”

नेल्ला. हे नाव घेणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

“काय सांगतोस! मग ती भेटायला आली तर आवडेल का तुला?”

गप्प. घड्याळ. गप्प.

“कॉफी निवतेय,” होल्गर म्हणाला. “पी.”

तिथं मुलाखत संपली.

गुन्नेलनं हेडफोन काढले. तिला वाईट वाटलं. इतकं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. नऊ वर्षांनी, एका परक्या पोरीनं सरळ विचारलं, आणि तरीही त्याच्या तोंडून हो निघालं नाही. म्हणजे त्या दिवशी तिनं काढलेला अर्थ बरोबरच होता. आता तो पक्काच झाला. तिनं सवयीनं शेरा लिहायला घेतला: ‘आवाज अतिशय स्वच्छ. साफसफाई उत्तम.’ पुढे गुण घालायचे म्हणून शेवटचं अर्धं मिनिट पुन्हा लावलं, कारण नियम तिचाच होता, की शेवट दोनदा ऐकायचा.

या वेळी तिला माणूस ऐकायचा नव्हता, म्हणून ती घड्याळ ऐकत राहिली. टिक, टिक, टिक. एल्विराचा प्रश्न. टिक. आणि मग एक टिक नव्हतंच.

तिनं मागे घेतलं. पुन्हा लावलं. आईचं घड्याळ चावी विसरली तर बंद पडायचं, पण मध्येच एक ठोका चुकवून पुढे कधी चाललं नव्हतं.

गुन्नेल खुर्चीत सरसावून बसली. तिनं आवाजाची रेघ पडद्यावर मोठी केली, अजून मोठी केली, इतकी की एकेक आकडा ठिपक्यासारखा दिसायला लागला. प्रश्न संपल्यावर चुलीची बारीक घरघर होती, रेघ थरथरत होती. मग एका जागी ती थरथर कापल्यासारखी थांबत होती. शून्य, शून्य, शून्य. सेकंदाचा तिसरा हिस्सा नुसतं शून्य. मग पुन्हा थरथर.

तुला खरंखुरं शून्य कुठल्याही स्वयंपाकघरात सापडणार नाही, असं तीच म्हणाली होती.

ती सुरुवातीला गेली. ‘तुमचं नाव होल्गर हेग्ब्लाद ना?’ प्रश्नापाठोपाठ एक भोक. सेकंदाचा तिसरा हिस्सा. ‘जन्म याच गावातला?’ भोक, तेवढंच. ‘लाकूडतोडीला होतास?’ भोक. ‘आवडायचं काम?’ भोक. घोड्याची गोष्ट सांगताना वाक्यांच्या मध्ये भोकं होती, पण ती मोठी, सेकंदाएवढी, माणूस दम घेतो तेवढी. ‘नाही’ म्हणाला तिथं मात्र भोक नव्हतं. तिथं ‘नाही’ होतं, ठणठणीत.

तिनं कागद ओढला आणि एकाखाली एक लिहीत गेली. बहिणीला ओळखतोस का: भोक, तिसरा हिस्सा. ती आली तर आवडेल का: भोक, तिसरा हिस्सा.

गुन्नेलनं पेन्सिल ठेवली आणि एल्विराला निरोप धाडला, असशील तशी ये. 

*

एल्विरा पाचव्या मिनिटाला धावत आली, एका हातात अर्धं सफरचंद.

“नापास केलंस का मला?”

“बस. या मुलाखतीचं मूळ कुठाय? साफ करायच्या आधीचं?”

“मूळ?” एल्विरानं सफरचंद खाली ठेवलं. “ते कार्डवर होतं. कार्ड मी परत दिलं.”

“आणि त्याच्यावरचं?”

“पुसलं ना! दारावर लिहिलंय की. ‘कार्ड रिकामं करूनच परत करावं.’ खाली तुझीच सही आहे.”

होती. प्लास्टिकमध्ये घालून लावलेला कागद होता तो, सात वर्षांपूर्वीचा. गुन्नेलनं कपाळाला हात लावला.

“बरं. आणि श्वास का काढलेस?”

“तुर्केलनं दाखवलं होतं ना ते बटण. आणि खरं सांगू का,” एल्विरानं आवाज खाली आणला, “तुझा भाऊ सारखा धापा टाकत होता गं. प्रश्न विचारला की शुप्, प्रश्न विचारला की शुप्. मला त्याची दया आली. म्हटलं, दमेकरी माणूस, त्याचे श्वास कशाला लोकांना ऐकवायचे? आदर म्हणून काढले मी.”

“दमा,” गुन्नेल म्हणाली.

“मला तर वाटलं, तुमच्याकडे सगळ्यांनाच असतो. थंडीमुळे. बसच्या ड्रायव्हरला आहे. माझ्या घरमालकिणीला आहे. तुलाही आहे, पण विचारायचं कसं, म्हणून मी गप्प बसले.”

गुन्नेल हसली. गेल्या कित्येक आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली असेल, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना. एल्विरा घाबरून उठलीच.

“अगं तो ‘हो’ म्हणत होता,” गुन्नेल म्हणाली. “प्रत्येक वेळी. आम्ही ‘हो’ असंच म्हणतो.”

 एल्विराचा चेहरा हळूहळू लाल झाला.

“म्हणजे मी त्याचे सगळे हो पुसून टाकले?”

“सगळे.”

“मला कोणी सांगितलं का नाही?”

“मी सांगायला हवं होतं,” गुन्नेल म्हणाली. “त्या दिवशी खिडकीपाशी. मला कंटाळा आला होता.”

एल्विरा गेल्यावरही ती बसून राहिली. शून्यांची ती रेघ अजून पडद्यावर होती, आणि तिच्याकडे बघता बघता एक गोष्ट तिच्या मनात शिरली, आणि बाहेर काढता येईना.

मोबाइल. नऊ वर्षांपूर्वीचा तो नवा, कौतुकाचा मोबाइल. वाऱ्यात उभं राहून बोललं तरी पलीकडे वारा जात नाही आणि पलीकडचं काही नको ते आपल्या कानात येत नाही. त्याच वर्षी तिनं तो वर्गात दाखवला होता. ‘बघा,’ ती पोरांना म्हणाली होती, ‘हा फोन फक्त बोलणं ठेवतो. वारा, पंखा, श्वास, सगळं गाळून टाकतो.’

श्वास. हे तिनं आपल्या तोंडानं म्हटलं होतं. सव्वीस वर्षं आवाज शिकवणाऱ्या बाईनं.

खोलीत हीटरचा पाइप कुरकुरला. गुन्नेलनं फोन हातात घेतला, होल्गरचा जुना नंबर शोधला, आणि मग तो फोन उताणा टेबलावर ठेवून दिला. फोनवर काय विचारणार? याही फोननं खाल्लं तर?

*

बुधवारी सकाळी तिनं तुर्केलच्या दारात डोकं घातलं.

“व्हिडिओ शुक्रवारी होणार नाहीत.”

“गुन्नेल, अगं...”

“भावाकडे चाललेय. आणि ते बटण माझ्या व्हिडिओंवर दाबायचं नाही. माझे श्वास मला हवेत.”

तुर्केलच्या हातातला बन हातातच राहिला. तिला भाऊ आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

बस तीन तास आत आत जात राहिली. आधी शेतं संपली, मग घरं, मग नुसतं फरच्या झाडांचं काळं जंगल आणि मधूनमधून गोठायला आलेलं तळं. जसजसं आत जावं तसं बर्फ वाढत गेलं. गुन्नेलनं काय बोलायचं ते चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा टाकून दिलं. तिसऱ्या हिश्शाएवढी भोकं म्हणजे पुरावा नव्हे, हे ती स्वतःला बजावत होती. त्यानं नुसता घसा खाकरला असेल. उसासा टाकला असेल. वर्गात तिनं हा पुरावा कोणा पोराचा मान्य केला नसता.

घराच्या धुराड्यातून धूर येत होता. तिनं दार ठोकलं. बऱ्याच वेळानं काठीचा आवाज आला आणि दार उघडलं.

होल्गर लहान झाला होता. तिच्या आठवणीत तो दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा होता, आणि आता चौकट त्याच्या वर वीतभर उरली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे रस्त्याकडे, जणू आणखी कोणी येतंय का ते बघावं.

“नेल्ला,” तो म्हणाला.

“त्या मुलीनं तुला विचारलं होतं,” गुन्नेल उंबऱ्यातच म्हणाली. आत गेलं तर बोलायचं राहून जाईल अशी तिला भीती होती. “मी आले तर आवडेल का म्हणून. तू काय म्हणालास?”

“तिनं तुला सांगितलं नाही?”

“तिच्या यंत्रानं पुसलं ते. मला नुसती शांतता ऐकू आली.”

होल्गर विचारात पडला. तो विचार करताना खालचा ओठ पुढे काढायचा. अजूनही काढत होता. “मी हो म्हणालो,” तो म्हणाला. “म्हणूनच तर नाव दिलं मी त्या यादीत. गावात सगळे म्हणतात, पोरं तुझ्याच कॉलेजातून येतात.”

“आणि इंगेगेर्द गेली तेव्हा? मी फोन केला होता.”

त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं मिटलं. “हं.”

“मी विचारलं होतं, येऊ का.”

“दोनदा विचारलंस,” होल्गर म्हणाला. “दोनदा हो म्हणालो.”

“दोनदा?”

“चर्चमध्ये पहिल्या बाकावर, माझ्याशेजारी, तुझी जागा धरली होती मी,” तो म्हणाला. “टोपी ठेवली होती तिथं. पाद्री म्हणाला, सुरू करू का, तर मी म्हटलं, थांब, बस उशिरा येते. शेवटपर्यंत मी ती टोपी उचलली नाही.”

“मला ऐकू आलं नाही, होल्गर.” गुन्नेल म्हणाली. “खरंच नाही आलं. फोननं खाल्लं. फोनला ते बोलणं वाटत नाही, नुसता श्वास वाटतो, तो गाळून टाकतो. मला वाटलं, तुला मी नकोय.”

“फोननं?”

“फोननं.”

 थंडी सगळी घरात शिरत होती, पण दार लावायचं दोघांच्याही ध्यानात नव्हतं. नऊ वर्षं त्यानं तिला दगड समजावं आणि नऊ वर्षं तिनं त्याला, आणि दोघांमध्ये काय होतं, तर तिसऱ्या हिश्शाची दोन भोकं.

“आणि पोरांना तू आवाज शिकवतेस म्हणे,” होल्गर शेवटी म्हणाला.

“शिकवते.”

“देव त्यांचं भलं करो.”

त्यानं बाजूला सरून तिला वाट दिली. स्वयंपाकघरात आईचं घड्याळ चालू होतं, एकही ठोका न चुकवता. टेबलावर एकच कप होता. होल्गरनं कपाटातून दुसरा काढला, आत फुंकर मारून धूळ उडवली आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला.

गुन्नेलनं कोट काढला नव्हता. “परतीची बस साडेतीनला आहे,” ती म्हणाली. “की राहू आजच्या दिवस?”

होल्गरची तिच्याकडे पाठ होती, तो चुलीवरची किटली उचलत होता. शुप्.

तिनं तो श्वास ऐकला. चुलीची घरघर, घड्याळ, आणि त्यांच्या मधोमध तो. तरी ती काही बोलली नाही, तशीच उभी राहिली, कारण तिला तो पुन्हा ऐकायचा होता.

होल्गर वळला. ती उत्तर मिळालं नसल्यासारखी उभी आहे हे त्यानं पाहिलं, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एकदम भीती आली. त्यानं किटली खाली ठेवली. छाती भरून घेतली, आणि नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा, त्या भागातलं कोणीही कधी म्हणत नाही तसा, तो ओरडला:

“हो! हो म्हणतोय मी! हो!”

गुन्नेलनं कोट काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवला.